मंजुळा जे. पाटील

"हे आमचं नाहीच," लीलाधर म्हणाला आणि त्याने प्रमाणपत्र टेबलावरून कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे परत सरकवलं. त्यावर नाव होतं मंजुळा जे. पाटील. त्याच्या बायकोचं नाव सुनंदा. पिंप्राळ्यात कुणालाही विचारा.

साडेतीन वाजले होते. पतसंस्थेत अर्ज द्यायची मुदत पाचला संपत होती. संस्थेने नवा कॉम्प्युटर घेतला होता, तो चालवायला बाई हवी होती, आणि अर्जाला कोर्सचं प्रमाणपत्र जोडणं सक्तीचं होतं. चेअरमनने लीलाधरला शब्द दिला होता, फक्त कागद पूर्ण हवा. बाहेर मे महिन्याचं जळगाव भाजून निघत होतं, स्कूटरच्या सीटला हात लावायची सोय नव्हती, आणि इथे हा घोळ.

लीलाधरचं डोकं फिरलं. सहा महिने आपण दुपारी गार पोळ्या खाल्ल्या त्या यासाठी? अर्धा जिल्हा पाटील आहे म्हणून कुणाचंही प्रमाणपत्र कुणाच्याही गळ्यात बांधायचं का? क्लासचे मोतीलाल सर शांतपणे ऐकत होते. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून सुनंदाबाई दारात चपला काढून अनवाणी उभ्या होत्या. दोनदा त्या "अहो" म्हणाल्या. दोन्ही वेळा त्याने हात वर केला.

"तू थांब. तुला यातलं कळत नाही."

आणि मग सरांकडे वळून त्याने घरचंही सांगून टाकलं. हिने एकदा टीव्हीचं बटण पिळलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. तेव्हापासून टीव्हीच्या शटरची किल्ली आपल्याच खिशात असते. अशी बाई डॉस, वर्डस्टार शिकते म्हणाली तेव्हा आपल्याला हसूच आलं होतं, पण चेअरमनचा शब्द होता म्हणून पाठवलं.

सरांनी हजेरीचं रजिस्टर काढलं. सुनंदा नावाची बाई त्यात नव्हती. निकालाच्या यादीतही नव्हती. मग ही सहा महिने रोज सकाळी जात कुठे होती? त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती नजर चांगली नव्हती.

"मॅडम रोज येत होत्या," सर घाईने म्हणाले. "बॅचमध्ये पहिल्या आल्यात."

त्यांनी प्रवेशाचा फॉर्म शोधून समोर ठेवला. कोपऱ्यात फोटो सुनंदाबाईंचा. अक्षरही त्यांचंच, वाण्याच्या यादीतलं, लीलाधरच्या ओळखीचं. वर छापलेलं होतं, नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहावे. दाखल्याची झेरॉक्स मागे टाचलेली होती. गाव अमळनेर तालुक्यातलं. नाव मंजुळा जीवराम पाटील.

जीवराम वाचलं आणि लीलाधरने झेरॉक्स जवळ ओढून पुन्हा वाचली. जीवराम म्हणजे त्याचे सासरे.

अठरा वर्षांपूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'सुनंदा' त्यानेच लिहिलं होतं. नाव त्यानेच निवडलं होतं. सगळ्यांना पेढे वाटले होते. आधीचं नाव लग्नपत्रिकेवर छापलेलं असणारच, पण ते लक्षात ठेवण्याची गरज त्याला कधी पडली नाही. घरात कुणालाच पडली नाही.

"पहिल्या दिवशी हजेरीला दोनदा पुकारावं लागलं होतं," सर म्हणाले. "नंतर कधी नाही."

लीलाधरला त्याच्याशी काही घेणं नव्हतं. घड्याळ पळत होतं. अर्जावर सुनंदा, प्रमाणपत्रावर मंजुळा, पतसंस्थेतला कारकून हसून दोन्ही कागद तोंडावर फेकेल. सरांनाच दया आली. ते म्हणाले, बारीकसं काम आहे, नावावर व्हाइटनर लावतो, वर सुनंदा टाईप करतो, शिक्का मारतो, दहा मिनिटांत मोकळे व्हाल. लीलाधरने सुटकेचा श्वास सोडला. सरांनी व्हाइटनरची बाटली हलवायला घेतली.

सुनंदाबाई पुढे आल्या. क्लासला बसलेल्या आठ बायका-पोरांसमोर त्यांनी सरांच्या हाताखालचं प्रमाणपत्र उचललं आणि छातीशी धरलं. मग नवऱ्याच्या हातातला अर्ज घेऊन टेबलावर, बाटलीच्या शेजारी ठेवला.

"अर्जावरलं नाव बदला," त्या म्हणाल्या. "शिकनी ती मंजुळा शे. सुनंदाले तर तुम्ही टीव्हीबी लावू देतस नही."