दुसरा हार

कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घातला, तो दहावी पास झालेल्या पाच जणींनी. मध्येच शाळा सुटलेल्या या पोरींच्या घरी बुवा स्वतः गेले होते, बापांच्या हातापाया पडले होते, बाहेरून परीक्षा द्यायचे फॉर्म त्यांनीच भरून घेतले होते.

रीतीप्रमाणे दुसरा हार पेटीवर बसलेल्या कुमुदताईंना, बुवांच्या लेकीला. तो घालताना त्यांतल्या रेश्माने सहज विचारलं, "ताई, तुम्ही कोणत्या साली दहावी झालात?"

"कुठली दहावी गं! सातवीत होते, तेव्हा बाबांचे पेटीवाले वारले. बाबा म्हणाले, देवाची सेवा आहे, आठ दिवस बस. बसले ती बसलेच!" पांढऱ्या बटा मागे सारत कुमुदताई हसल्या.

शेजारी बुक्का लावून घेणाऱ्या बुवांनी ते ऐकलं.

उत्तररंग सुरू करायला कुमुदताईंनी सूर दिला. बुवांनी चिपळ्या उचलल्या, पण आवाज फुटेना. लेकीने पुन्हा सूर दिला.

"बाबा, घ्या ना. माणसं खोळंबलीत."

समोर पाच मुली हात जोडून बसल्या होत्या, आणि मागे लेक, पस्तीस वर्षं धरला तसाच, त्यांच्यासाठी सूर धरून होती.