आत कोणी आहे का

जेवणाची सुट्टी झाली आणि करवत थांबली. कानांतली घरघर ओसरायच्या आत पोरीने पुस्तक उघडलंसुद्धा. शाळा आजच्यापुरती बंद, आईची दिवसपाळी, म्हणून ती बापाबरोबर लाकडाच्या वखारीत आली होती. भुशाच्या पोत्यावर बसून बारमाही पावसाच्या जंगलाची गोष्ट मोठ्याने वाचत होती, एकेका चित्रावर बोट ठेवून. या ढोलीत पोपट, त्या ढोलीत घुबड, मुळाशी बेडूक आणि शेंड्यावर एक माकडीण, पिल्लासकट.

बाप करवतीवरचा मिस्त्री. डबा पुढ्यात उघडा होता, पण त्याचं लक्ष पोरीच्या पुस्तकाकडे होतं. सकाळी बसमध्ये त्याने ते पुस्तक चाळलं होतं. पुढच्या पानावर करवती घेतलेली माणसं होती. चित्रकार त्यांना डोळे काढायला विसरला होता, की मुद्दामच काढले नव्हते, कोण जाणे.

पान उलटलं. पोरीचं बोट त्या माणसांवर थांबलं.

रानातून ओंडके आणणारा ट्रकवाला तिच्या खांद्यावरून डोकावला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"ओळखलंस का गं, मास्तरीणबाई? हा तुझा बाप."

हमाल फिदीफिदी हसले. मिस्त्रीने डब्याला झाकण लावलं.

"छे. हा नाही माझा बाबा," पोर शांतपणे म्हणाली. "माझा बाबा आधी टकटक करतो. आत कोणी आहे का बघतो, मगच कापतो. ही माणसं न विचारताच आली."

ती टकटक वखारीत सगळ्यांच्या ओळखीची होती. ओंडका करवतीवर चढवण्याआधी मिस्त्री तो हातोडीने ठोकून बघायचा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर माल वाया, ढकला बाजूला. त्यात कोणाची विचारपूस नव्हती.

गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण पोर उद्या हेच शाळेत छाती फुगवून सांगणार, आणि तिने चढवलेल्या हरभऱ्याच्या झाडावर बसून राहणं त्याला जमेना. तो खाकरला. आत कोणी आहे का ते नाही गं, म्हणाला, ओंडका आतून पोकळ आहे का, तेवढंच बघतो.

"मग तेच की," ती म्हणाली. "पोकळ असतं तिथंच तर राहतात."

मिस्त्रीने कुंपणाकडे पाहिलं. पोकळ निघालेल्या ओंडक्यांची रास तिथं पडली होती. वीस वर्षं तो त्यांना खराब माल म्हणत आला होता. सहा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात त्यांची घरं केली.

पण तिच्या कपाळावर आठी पडली. ती चित्राकडे बघू लागली, मग राशीकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"पण बाबा, तू विचारतोस तेव्हा झाड आडवं पडलेलं असतं. तोवर ती गेली असतील ना?"

एकदा खरं बोलायला लागलं की मध्येच थांबता येत नाही.

"हो," तो म्हणाला. "गेलेली असतात."

तिने पुस्तक मिटलं. आता रडते की काय, म्हणून तो उचलून घ्यायला अर्धा उठलाही. ती रडली नाही. ट्रकवाल्याकडे वळली आणि दुकानातून काहीतरी आणायला सांगावं, तसं तिने त्याला काम सांगितलं. तिकडे रानात तोडणारे काका असतील, त्यांना सांगायचं, टकटक करायची ती झाड उभं आहे तोवरच करा.

"सांगतो, बाई," ट्रकवाला म्हणाला. चेष्टा अजून त्याच्या ओठांवर होती, आवाजात मात्र उरली नव्हती. "आणि आतून कोणी 'कोण आहे?' म्हणालं तर?"

एवढ्या मोठ्या माणसाला इतकंही कळू नये, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तर म्हणायचं, घर चुकलं. आणि मागं फिरायचं."