सगळं एकाच पाठीवर

आणखी एक सॅक पाठीवर चढवून नवरा आरशासमोर उभा राहिला आणि त्याने मान हलवली. नाही. ती स्टुलावर टेकली. तिच्या पायांचे तुकडे पडले होते. दुपारपासून हे तिसरं दुकान. घर घेतानासुद्धा या माणसाने इतका घोळ घातला नव्हता.

"पट्टा रुततो," तो म्हणाला.

आधीची सॅक लांब होती. तिच्या आधीच्या सॅकची चेन कडक होती. एकीचा तर रंगच आवडला नाही म्हणे, पक्षी बिचकतील. पडद्यांचा रंग विचारला की जन्मभर "कुठलाही चालेल" म्हणणाऱ्याला आज एकदम रंग कळायला लागले होते.

छापखान्यात रात्रपाळी करण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झालो की मला कुणी उठवायचं नाही, असं येईल त्याला बजावायचा. आणि निवृत्तीला चार महिने झाले नाहीत तोच कॅमेरा घेऊन दारात उभा. तेव्हापासून रोज पहाटे बगळ्यांचे फोटो काढायला तलावाची वाट. कॅमेरा याच्या गळ्यात, मोठी लेन्स आणि तिपाई हिच्या पाठीवर. "खांद्यामुळे मला एकट्याला नाही गं झेपत," म्हणायचा. आता खांदा धरून बसलेल्या माणसाला नाही तरी कसं म्हणायचं? म्हातारचळ लागलाय, दुसरं काय, असं शेजारणीला सांगून ती निमूटपणे बूट चढवायची.

परवा तिच्या जुन्या सॅकचा बंद तुटला, तेव्हा तिला मनातून गुदगुल्या झाल्या. तिने ठरवूनच टाकलं. सगळं सामान मावेल अशी एकच भलीथोरली सॅक घ्यायची, ती त्याच्या पाठीवर चढवायची, आणि उद्यापासून पांघरूण डोक्यावर ओढून गाढ झोपायचं. या वयात तिला दुसरं काही नको होतं.

दुकानदार भला माणूस होता. कपाळावर आठी न आणता तो आत गेला आणि एक उंच, करडी सॅक घेऊन आला. त्यांनी घरून आणलेलं सामान त्याने स्वतःच्या हाताने भरलं. कॅमेरा मधल्या कप्प्यात, मोठी लेन्स उभी, छोटी तिच्या शेजारी, पाण्याची बाटली जाळीत. तिपाई बाजूच्या पट्ट्यात अडकवली.

"आता कमरेचा पट्टा आवळा, काका. सगळा भार कमरेवर जातो. खांद्यावर काही येतच नाही. जरा चालून बघा."

नवरा दाराकडे गेला, परत आला. ताठ चालत होता. खांदा धरला नाही की थांबला नाही.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"हलकं," तो बोलून गेला, आणि त्याचा चेहरा पडला.

तिला मात्र हायसं वाटलं. उद्याची सकाळ तिला दिसायलासुद्धा लागली. खिडकी बंद, घड्याळाचा गजर बंद, कुणाची हाक नाही. "हीच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"नको." नवऱ्याने पट्टे सोडले. "त्या मघाच्या छोट्या होत्या ना, त्यातल्या दोन द्या."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "अहो, काय चालवलंय काय तुम्ही? सगळं बसतंय, खांदाही दुखत नाहीये, मग हे कसले नखरे? माझी साखर हल्ली ताब्यात आहे म्हणून निभतंय तरी. नाहीतर तुमच्यामागे वणवण करता करता केव्हाच आडवी झाले असते."

"काका, काकूंचं बरोबर आहे," दुकानदार समजुतीने म्हणाला. "हिच्यात काय कमी आहे ते सांगा. मी दुसरी काढतो."

नवरा समोरच्या खुर्चीत बसला. एवढ्या दुकानांत खुसपटं काढून काढून तोही दमला होता. तो तिच्याशी बोललाच नाही, दुकानदाराशीच बोलला.

"कमी काही नाही हो. सगळं मावतंय, हीच तर पंचाईत आहे. सगळं माझ्या पाठीवर आलं की ही घरात बसणार. डॉक्टरांनी हिला साखरेसाठी रोज चालायला सांगितलं, तर म्हणाली, घरात काय कमी चालते मी? कुणाचं तरी ओझं असल्याशिवाय ही बाई घराबाहेर पडत नाही. नुसतं चालायला कधी आली असती का?"

दुकानदार उगाचच एक चेन लावत बसला.

तिला आधी राग आला. एवढे दिवस आपल्याला बनवलं. मग तलावाकाठचा हा माणूस तिला आठवला. एक फोटो काढायचा आणि बाकावर बसून पेंगायचा. घरी आल्यावर त्याने एकही फोटो पुन्हा उघडून पाहिला नव्हता. इतके दिवस हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची तिला लाज वाटली.

"आणि ते बगळे?" तिने हळूच विचारलं.

"वीट आलाय मला त्या बगळ्यांचा," तो म्हणाला.

ती उठली. सॅकमधलं सामान एकेक करून बाहेर काढलं आणि आणलेल्या पिशवीत भरलं. पिशवी त्याच्या हातात देत म्हणाली, "उद्या चांगलं उजाडल्यावर निघू."

मग तिने ती करडी सॅक दुकानदाराकडे सरकवली.

"माफ करा भाऊ, तुम्हाला उगाच त्रास दिला. आम्हाला नुसतं चालायलाच जायचंय."