सायलसची सही

स्वतःच्या लग्नाला तासभर उरला होता, तरी लेटिस माझ्याबरोबर चर्चच्या मागच्या खोलीत लग्नांची जुनी नोंदवही चाळत होती. तिचे खापरपणजोबा सायलस पास्को १८४९ साली कॉर्नवॉल सोडून ऑस्ट्रेलियात गेले आणि लोकरीचे मोठे व्यापारी झाले. ते आमच्याच गावचे होते का, एवढं तिला तिकडे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना कळवायचं होतं.

"घाई नको, पोरी. ओळीवर बोट ठेवून वाच," मी म्हणालो. मास्तरकीची सवय जात नाही.

१८४८च्या एका लग्नात साक्षीदार म्हणून त्यांची सही सापडली. तिच्याजवळच्या त्यांच्या जुन्या पत्रात होती तशीच, खाली दोरीच्या गाठीसारखा वळसा. लेटिसने टाळ्याच वाजवल्या.

मी पुढची पानं उलटली. १८६३. तीच सही.

"भेटीला आले असतील," ती म्हणाली.

मग १८९७.

"मास्तर, ते तर १८८४ला वारले! ॲडलेडला थडगं आहे त्यांचं."

"त्याच नावाचा दुसरा कोणी असेल." पण वळसा तोच होता. माझ्या डोक्यात काही शिरेना.

मग १९३१. ते माझंच लग्न. साक्षीदार कमी पडला की आमच्याकडे चर्चमध्ये बसलेल्या कोणालाही सहीला बोलावतात. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सही केली होती. नाव मी वाचलंच नव्हतं.

दारातून पाद्रीबाबा डोकावले.

"लेटिस, तुझ्या भावाची गाडी अडकलीय म्हणे. पण काळजी नको, साक्षीदार मिळाला. एक आजोबा मागच्या बाकावर बसलेत. म्हणतात, मी घरचाच आहे."