कपाटावरचं बोट

“कपाटावरचं बोट तुझंच आहे. पुण्याहून ठशांचा कागद आलाय,” फौजदार म्हणाला.

सखूने कागदाकडे पाहिलंही नाही. “माजंच असनार. तीन वरसं त्या कपाटाला रोज फडकं मारते मी. दुसऱ्या कोनाचं असंल?”

बाकावर बसलेल्या श्रीपादरावांनी घसा खाकरला. अंबरनाथच्या कारखान्यातले ते अधिकारी. त्यांच्याच कपाटातून बायकोच्या, माईंच्या, सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. “सखू, माणूस खोटं बोलतो, शास्त्र खोटं बोलत नाही. कबूल हो. मी शब्द टाकतो तुझ्यासाठी.”

सखूचं डोकं सणकलं. “सायेब, मंग त्या कागदालाच इचारा ना, बोट कवाचं हाय? चोरीच्या दिसाचं का दिवालीच्या साफसफाईचं?”

फौजदाराने कागद पुन्हा वाचला. उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

“तारीख नसते त्यात,” तो पुटपुटला, आणि शिपायावर ओरडला, “बघतोस काय? आत घे हिला!”

अकरा दिवस ती कोठडीत होती. तिकडे चिखलोलीत, तिच्या गावात, लोक तिच्या नवऱ्याला, हरिचंद्रला, अडवून विचारत होते, पाटल्या कुठे पुरल्यास? बाराव्या दिवशी शहाडला एक घरफोड्या सापडला. त्याच्या गाठोड्यात माईंच्या पाटल्या निघाल्या. हाताला चिंध्या गुंडाळून तो चोऱ्या करायचा. श्रीपादरावांच्या कपाटावर त्याचं एकही बोट नव्हतं.

सखू सुटली. दुसऱ्याच दिवशी माईंचा निरोप आला, कामाला ये. हरिचंद्र जाऊ नको म्हणत होता, तरी ती गेली. भर उन्हात, अनवाणी, तरातरा. पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

“पोलिसांनीच सगळा घोळ घातला बाई,” माई म्हणाल्या. “आता झालं गेलं विसर. घर कसं झालंय बघ तुझ्यावाचून.”

श्रीपादराव आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

माईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “घे. उन्हातून आलीस.”

सखूच्या घशाला कोरड पडली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नको माई,” ती वर्तमानपत्रापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तांब्यावर माजं बोट उमटंल.”