भुताची खोली

“ह्या घरातून सून बाहेर जाते ती शवपेटीतूनच!” सासूचा तो आवाज ओपल आजींच्या कानांत अजून खणखणत होता. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात मुक्कामाला नातीनं नदीकाठचं झकास हॉटेल सुचवलं, पण आजींनी नाक मुरडलं आणि सासरचंच घर निवडलं. आता तिथं पाहुण्यांना खोल्या भाड्यानं मिळत.

“आजी, तिथं भूत आहे म्हणे!”

“असू दे. बघू तरी कसलं आहे.”

वरची खोली उघडताना तरुण मालकानं आवाज खाली आणला. “आमच्या आजोबांची पहिली बायको, मॅडम. नवऱ्याच्या प्रेमापायी झुरून इथंच मेली बिचारी. अजून रोज रात्री रडते.”

आजींनी पलंगावर पर्स आपटली.



“मी मेले कुठली रे गाढवा! मागच्या दारानं पळाले, आणि तुझ्या आजोबासाठी एक टिपूससुद्धा गाळलं नाही.”