शेवटचा तुकडा

बदकांची शर्यत सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि ब्रिटाच्या मांडीवर कागदी द्रोणात तळलेल्या चीजचे सहा तुकडे होते. गरमागरम. चीजसाठी नावाजलेल्या विस्कॉन्सिनच्या जत्रेत येऊन हे न खाता जातो तरी कोण? पण ब्रिटानं दोन वर्षांत त्यांना हात लावला नव्हता.

"अवाक्षर काढायचं नाही," ब्रिटाच्या आईनं, जोॲननं, नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "शाब्बास नाही, टाळ्या नाहीत. समोर बघ."

"अगं, मी कुठं काय बोललो?" व्हर्लिन पुटपुटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हा नियम दोघांकडून तीनतीनदा वदवून घेतला होता. सोळा वर्षांच्या पोरीनं खाण्याचाच धसका घेतलेला. हा आजार आहे, नखरे नव्हेत, हे व्हर्लिनच्या डोक्यात शिरायला आठ महिने गेले. तोवर तिनं सरकवलेलं ताट तोच चाटूनपुसून संपवायचा. गोठ्यात राबणाऱ्या माणसाला अन्न टाकवत नाही. मग उपचार सुरू झाले. ज्या पदार्थांची भीती वाटते त्यांची यादी ब्रिटानं स्वतः लिहिली आणि एकेक खोडत आणली. आता हा एकच उरला होता. आज इथं यायचंही तिनंच ठरवलं होतं.

तिनं पहिला तुकडा उचलला. तोंडात टाकला. व्हर्लिन टक लावून बदकांकडे बघत राहिला.

"डॅड, श्वास घे," ब्रिटा म्हणाली. "मरशील अशानं."

दुसरा गेला. तिसऱ्याला ती अडली. डोळे भरून आले. जोॲन नुसती तिच्याजवळ सरकली.

"तीन नंबरचं बदक आळशी दिसतंय, नाही?" जोॲननं विचारलं.

"आळशी नाही, लबाड आहे," नाक ओढत ब्रिटा म्हणाली, आणि तुकडा तोंडात टाकला. मग चौथा. पाचवा!

भोंगा वाजला. बदकं पाण्यात सुटली, माणसं ओरडायला लागली. व्हर्लिनही ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याचा हात जुन्या सवयीनं द्रोणात गेला.

फाटकन चापट बसली.

"ए डॅड! तो माझाय!"

ब्रिटानं द्रोण पोटाशी ओढला. व्हर्लिन लाल झालेला हात धरून बघतच राहिला. तोंड उघडणार, तेवढ्यात जोॲननं डोळे वटारले.

शर्यत संपली होती. लोक खाली बसले होते. व्हर्लिन बाकावर चढला आणि टाळ्या पिटत, गळा फाडून ओरडला, "शाब्बास रे बदका! शाब्बास माझ्या राजा!" त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"डॅड, खाली बस, लोक बघतायत," ब्रिटा भरल्या तोंडानं म्हणाली. "तीन नंबर शेवटचा आलाय."